१ मेला गंगापूर धरणाकाठी मुक्काम, घरातले चौदा जण. झेंडावंदनापासून रात्रीपर्यंत काय काय करता येईल?

गोदेची_लेक
नमस्कार मंडळी. यंदा १ मे शुक्रवारी आलाय, त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा आणि पुढे शनिवार-रविवार, म्हणजे सलग तीन दिवस मोकळे. पुण्याचे दीर-जाऊ, ठाण्याची नणंद, सगळ्यांची पोरं, सासू-सासरे आणि आम्ही चौघं अशी चौदा माणसं आमच्याकडे जमणारेत. आमचं घर नाशिकला पाथर्डी फाट्याला, दोन बेडरूमचं, त्यामुळे एक रात्र तरी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला मुक्काम करावा असं ठरतंय.

सासऱ्यांचं वय ८१. गुडघे दुखतात पण हौस दांडगी. ते म्हणतात, महाराष्ट्र झाला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो, मला १ मेचं झेंडावंदन चुकवायचं नाही, बाकी तुम्ही कुठे न्याल तिथे येतो. दरवर्षी ते सोसायटीत सगळ्यात आधी खाली उतरून उभे असतात, टोपी घालून. आणि मलाही खरं सांगायचं तर रिसॉर्टला जायचं, पूलमध्ये डुंबायचं, बुफे जेवायचं आणि परत यायचं असं नकोय. पोरांना वर्षातून एकदा तरी कळावं की आजची सुट्टी कशाची आहे. पण धरणाकाठी झेंडावंदन कुठे असतं, आम्हाला बाहेरच्यांना चालेल का, दिवसभर उन्हात म्हाताऱ्या माणसांचं आणि लहानग्यांचं काय करायचं, कुठे उतरायचं आणि कुठे नाही, जे माहीत असेल ते सांगा प्लीज. सगळ्यात धाकटा भाचा सहा वर्षांचा आहे.

चूल_आणि_चव
ताई खोल्या आजच बुक करा. सुट्टी जोडून आली की मुंबईचे लोक गुरुवारी संध्याकाळीच येऊन बसतात. एमटीडीसीचं ग्रेप पार्क रिसॉर्ट पाण्याला अगदी लागून आहे, बोट क्लबही तिथून जवळ, पण तिथलं बुकिंग लवकर भरतं. जेवणाचं नंतर सविस्तर लिहिते.

गिरणारे_शिवार
ताई, तुम्ही झेंडावंदनाचं विचारलंत म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. मी या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो.

१ मे म्हणजे आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा दिवस असतो, कारण झेंडावंदन झालं की लगेच निकाल. पोरं सकाळी साडेसहालाच हजर. आदल्या दिवशी मोठ्या पोरी पटांगण शेणाने सारवतात, फक्कीची रांगोळी काढतात. झेंडा चढला की राष्ट्रगीत, मग राज्यगीत (२०२३ पासून ते अधिकृत झालंय), मग एकेका वर्गाला बसवून प्रगतीपुस्तकं वाटायची. आईबाप कामाचा खाडा करून आलेले असतात. ज्या बाईला स्वतःला अक्षर येत नाही ती प्रगतीपुस्तक उलटसुलट करून बघते आणि पोराला विचारते, गेला का रे वर? हे दरवर्षी बघतो आणि दरवर्षी माझा घसा दाटतो.

बाहेरचे लोक चालतात का म्हणाल तर चालतात, नुसते चालतात असं नाही, आम्हाला आनंद होतो. फक्त आदल्या दिवशी मुख्याध्यापकांना सांगून ठेवा, आणि वेळेचं बघा, उन्हामुळे सकाळी लवकरच उरकतात, सात-सव्वासातला पोचायला हवं. त्याच दिवशी गावात ग्रामसभाही असते, पाण्याच्या टँकरपासून घरकुलापर्यंतचे विषय निघतात. सासऱ्यांना आवड असेल तर पाराखाली बसून ऐकू द्या.

अजून एक, बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना आधीच सांगा की मे महिन्यात द्राक्षं बघायला मिळणार नाहीत. दरवर्षी लोक बागेच्या कुंपणाशी गाडी थांबवून विचारतात, घड कुठेत? माल मार्च-एप्रिलपर्यंत उतरतो, मग एप्रिलमध्ये खरडछाटणी होते. १ मेच्या सुमाराला वेलीवर नुसते ओंडके आणि त्यातून फुटलेले पोपटी कोंब दिसतात. पण याच फुटव्यातल्या काडीत पुढच्या वर्षीचा घड बांधला जातो, म्हणून आत्ताच शेतकरी सगळ्यात जास्त जपतो. पोरांना हे दाखवलंत तर घड दाखवण्यापेक्षा भारी.

गोदेची_लेक
सर, किती छान लिहिलंत. प्रगतीपुस्तकाचं वाचून मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते म्हणाले ठरलं, शाळेतच जायचं. पोरांसाठी काय आणू? बिस्किटं-चॉकलेटं?

गिरणारे_शिवार
खाऊ शाळेत असतोच ताई. आणायचंच तर गोष्टीची पुस्तकं आणा, पहिली-दुसरीला झेपतील अशी, मोठ्या अक्षरांची. सुट्टीत पोरांच्या हातात वाचायला काही नसतं. आणि कागदी-प्लास्टिकचे झेंडे प्लीज नका आणू, दुपारपर्यंत ते वाटेत पडलेले असतात आणि ते उचलत फिरायला जीव नको होतो.

वणीवाला
माझं मत वेगळं. मे महिन्यात गंगापूरला दुपारी लाहीलाही होते भो, त्यापेक्षा सरळ सापुतारा गाठा. नाशिकहून दिंडोरी, वणी, हातगड करत ऐंशीएक किलोमीटर, वाटेत गडावर देवीचं दर्शन, वर हवा गार, मधोमध तलाव, बोटिंग, रोपवे, पोरं खूष. आणि गंमत म्हणजे १ मेला तिकडेही राज्याचा स्थापना दिवसच असतो, गुजरातचा. दोन्ही राज्यं एकाच दिवशी झाली. आम्ही तीन वर्षांपूर्वी १ मेला तिथेच होतो, तलावाच्या काठी बसलो तर शेजारच्या आजीबाई आमच्याशी जे बोलत होत्या ते निम्मं मराठी निम्मं डांगी, आम्हाला सगळं कळत होतं आणि त्यांनाही. हातगडचा किल्ला अलीकडे, आपल्या सुरगाण्यात, आणि चार-पाच किलोमीटरवर तलाव पलीकडे, गुजरातेत. सीमा कुठे गेली ते गाडीत बसून कळत पण नाही.

निवृत्त_गुरुजी
वणीवाले, तुम्ही डांगचा विषय काढलात म्हणून राहवलं नाही. डांग (सापुतारा त्यातच येतं) आणि उंबरगाव गुजरातेत गेले याची चुटपुट आमच्या पिढीला अजून आहे. पण त्यावरून आता भांडायचं नाही, तिथली माणसं आपलीच आहेत हे तुम्ही अनुभवलंत तेच खरं.

गोदेची_लेक ताई, तुमच्या सासऱ्यांच्याच वयाचा मी. तुम्ही जिथे जाताय त्या जागेचा आणि १ मेचा संबंध पोरांना सांगता येईल, तो असा.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली ती मुंबईसकट मराठी राज्य हवं म्हणून. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, माणसं गेली, आज त्या जागेला हुतात्मा चौक म्हणतो. पुढे पाच वर्षं लढून ३० एप्रिल १९६० च्या मध्यरात्री राजभवनावर पंडित नेहरूंच्या हस्ते राज्याची घोषणा झाली आणि यशवंतराव चव्हाण पहिले मुख्यमंत्री झाले. आमच्या घरी तेव्हा रेडिओ नव्हता, पलीकडच्या आळीत एका वकिलांकडे होता, त्यांच्या ओट्यावर आम्ही पोरं झोपेला आलेलो तरी बसून होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत पेढा मिळाला. त्या पेढ्याचा कागद मी भूगोलाच्या पुस्तकात किती तरी वर्षं ठेवला होता.

आता नाशिकचा भाग. १९६२ ला चीनच्या युद्धात चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं, तेव्हा ते लोकसभेचे सदस्य नव्हते. त्यांना निवडून दिलं ते आपल्या नाशिकने, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, तेही बिनविरोध. आणि त्यांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये निघालं ते कुठे? गंगापूर धरणाजवळ, गोवर्धनला. आवाराचं नाव ज्ञानगंगोत्री. तुमची गाडी त्याच रस्त्याने जाणार आहे. फाटकाशी दोन मिनिटं थांबा आणि पोरांना सांगा की शाळा सुटलेल्या, कामावर जाणाऱ्या, लग्न झालेल्या माणसांना घरबसल्या पदवी घेता यावी म्हणून हे काढलंय. माझी धाकटी बहीण दोन पोरांची आई झाल्यावर इथूनच पदवीधर झाली.

धरणही त्याच काळातलं. मातीचं धरण, १९६५ ला पुरं झालं. नवं राज्य, नवं धरण, असं सगळं एकाच दशकात आमच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

वणीवाला
गुरुजी, नमस्कार. चव्हाण साहेब नाशिकमधून निवडून गेले होते हे मला आज कळलं, आणि त्या विद्यापीठावरून मी पंधरा वर्षं येजा करतोय.

सातपूरचा_फिटर
सगळे महाराष्ट्र दिनाचं लिहिताय ते बरोबरच आहे पण १ मे कामगार दिन पण आहे, ते कुणी तरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितो. १८८६ ला शिकागोच्या कामगारांनी आठ तासाच्या दिवसासाठी संप केला, गोळ्या खाल्ल्या, फाशी गेले. आज आपण आठ तासाची शिफ्ट म्हणतो ती त्यांच्यामुळे. मी सातपूर एमआयडीसीत २६ वर्षं काढली. १ मेला सकाळी गेटवर झेंडा, युनियनचं भाषण, मग घरी येऊन बायकोने भरलेला डबा घेऊन चौघं एका गाडीवर धरणाला, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. पोरं लहान होती तेव्हा रिसॉर्टबिसॉर्ट काही नव्हतं, बाभळीखाली चादर टाकायची, मीठमसाल्यात उकडलेल्या शेंगा, भाकरी, ठेचा, कैरी आणि मडक्यातलं पाणी. तेवढ्यात पोरगी म्हणायची पप्पा आज तुम्ही दिवसभर दिसताय. हे वाक्य मी विसरलेलो नाही, कारण फर्स्ट-सेकंड-नाईटच्या चक्रात मी तिला जागेपणी फार कमी दिसायचो.

माझं सांगणं एवढंच की तुम्ही जिथे उतराल तिथे त्या दिवशी कुणी तरी कामावर असणारच. वाढपी, बोट चालवणारी पोरं, खोल्या झाडणाऱ्या मावश्या. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत, त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. तरी ही माणसं तुमच्यासाठी थांबलेली असतात. पोरांना सांगा की त्यांना अरेतुरे करायचं नाही, दादा-मावशी म्हणायचं, आणि निघताना शुभेच्छा द्या. माझा भाचा अशाच एका ठिकाणी वाढप्याचं काम करतो, तो सांगत होता दिवसभरात दोनशे लोकांनी पाणी मागितलं, एकानेही नाव विचारलं नाही.

चूल_आणि_चव
दादा, डोळ्यात पाणी आणलंत.

टिटवी
मी पक्षी बघायला बॅकवॉटरला नियमित जाते, त्यामुळे माझी एक कळकळीची विनंती. पाणी खाली गेलं की मोकळा काठ दिसतो आणि लोक थेट पाण्यापर्यंत गाड्या घालतात, रील काढायला गोल गोल फिरवतात. नेमके याच दिवसांत तिथे टिटव्यांची अंडी असतात. घरटं म्हणजे काहीच नसतं, उघड्या जमिनीवर बोटभर खोल खळगा, भोवती चार खडे. अंडी मातकट, वर काळे डाग, चार असली तर चारही निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. दोन हातांवर उभं राहिलात तरी दिसत नाहीत. मी एकदा दुर्बिणीतून दुपारी एक वाजता बघत होते, मादी उठली, पाण्याशी गेली, पोट पाण्यात बुडवून पिसं भिजवली आणि परत येऊन अंड्यांवर बसली. उन्हात अंडी तापू नयेत म्हणून ती गार करत होती. दर थोड्या वेळाने हेच. त्या जागेवरून एक चाक गेलं की महिन्याची राखण संपली.

तर गाडी रस्त्यालाच ठेवा, काठाला पायी जा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की समजा आपण तिच्या अंड्यांजवळ आलोय, आल्या पावली मागे फिरा. आणि मोठे स्पीकर नकोत.

हिवाळ्यात पक्ष्यांची गर्दी बघायची असेल तर नांदूर मध्यमेश्वरला जा, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा), पण मेमध्ये तिथे जायचं कारण नाही.

गिरणारे_शिवार
आमच्याकडे म्हातारी माणसं टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात. अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, खाली पाण्याशी घातली तर कमी. यंदा कुठे दिसली ताई?

टिटवी
यंदा बांधावर, बऱ्यापैकी वर. बघू.

मूळ_निफाड_सध्या_ठाणे
आम्ही पण तीच तारीख धरून येतोय, आठ मित्र. काठाला पोहायला कुठली जागा चांगली? मागच्या वेळी एका ठिकाणी उतरलो होतो, पाणी कमरेएवढंच होतं.

काठावरचा
दादा, हात जोडून सांगतो, उतरू नका.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी आम्ही अशाच एका धरणाच्या काठाला क्रिकेट खेळत होतो. पाणी दोनशे फूट लांब गेलेलं, मधली जमीन काळी, भेगा पडलेली, वरून कडक खपली, दिसायला एकदम पक्की. बॉल पाण्याकडे गेला, माझा मावसभाऊ आणायला पळाला. पन्नास पावलं काही झालं नाही, मग एकदम एक पाय गुडघ्यापर्यंत आत. तो उपसायला दुसऱ्या पायावर जोर दिला तर तो मांडीपर्यंत. खपलीच्या खाली सगळा गाळ. तो जितका हलायचा तितका आत जायचा, आणि आम्ही चौघं ओढायला पुढे गेलो तर आमच्याही पायाखालची खपली फुटायला लागली.

बाजूला गाळपेरीत, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळाच्या जमिनीत, एका बाबांनी काकडी आणि टरबूज लावलं होतं, ते राखणीच्या खोपीत बसलेले. ओरडा ऐकून ते खोपीतली बाज डोक्यावर घेऊन आले. पाय वर करून बाज उलटी चिखलावर सरकवली आणि म्हणाले, हलू नको, उभा राहू नको, छाती टाक हिच्यावर. तो बाजेवर आडवा पडला, बाबांनी कमरेला कासरा बांधायला लावला आणि आम्हाला मागे कडक जमिनीवर उभं करून सावकाश ओढायला सांगितलं. वीस-पंचवीस मिनिटं लागली. दोन्ही बूट आतच राहिले. बाहेर आल्यावर बाबांनी त्याच्या पायावर घागर ओतली, एक काकडी कापून हातात दिली आणि म्हणाले, आता रडून घे. तो खरंच लहान पोरासारखा रडला.

हे पाण्याच्या अलीकडचं झालं. पाण्यात उतरल्यावर काय होईल विचार करा. कमरेएवढं पाणी आणि पुढच्या पावलाला जुन्या नदीचं पात्र नाहीतर जुनी विहीर. वरून काही कळत नाही.

गोदेची_लेक
बापरे. हे मी घरच्या ग्रुपवर टाकते, पोरांसकट सगळ्यांनी वाचलं पाहिजे.

सातपूरचा_फिटर
आणि गंगापूरचं पाणी आपण नाशिककर पितो हेही लक्षात ठेवा मित्रा. तिथून पंपिंग करून शहरातल्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि मग आपल्या नळाला. मुळात ७.२ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण होतं, गाळ साचून साचून आता ५.६ च्या आसपास उरलंय. त्यात शहर, एमआयडीसी, शेती, आणि वर पाऊस कमी झाला की जायकवाडीलाही सोडावं लागतं. मेमध्ये जे उरलेलं असतं त्यावर पाऊस पडेपर्यंत शहर काढायचं असतं. तिथे साबण लावून आंघोळी, गाड्या धुणं, बाटल्या फोडणं, हे आपल्याच माठात करण्यासारखं आहे.

मूळ_निफाड_सध्या_ठाणे
पटलं. खरंच पटलं. बोटिंगच करू, लाइफ जॅकेट घालून.

विहीर_पाण्याखालची
बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहिते. आमचं गाव शेजारच्या तालुक्यातलं, धरणात गेलेलं. माझ्या आजीची सासरची सात एकर जमीन आणि घर पाण्याखाली आहे. नवीन गावठाणाला पाणी यायला किती वर्षं लागली ते लिहीत नाही, धरण डोळ्यांसमोर आणि हंडा डोक्यावर असे दिवस आईने काढलेत.

दरवर्षी मेमध्ये पाणी उतरलं की आमच्या विहिरीचं तोंड वर येतं. घडीव दगडांची विहीर, आजीच्या सासऱ्यांनी बांधलेली, एका दगडावर आतल्या बाजूला मोटेच्या दोरीने घासून पडलेली खाच आहे. आजी आता नव्वदीला आली तरी तिला तिथे न्यावं लागतं. भाऊ पाठीवर घेऊन जातो. ती कठड्याला हळदकुंकू वाहते, खाचेवरून बोट फिरवते, आणि घराचा चौथरा कुठे, गोठा कुठे, चिंच कुठे ते आम्हाला परत सांगते. आम्हाला सगळं पाठ आहे पण आम्ही परत ऐकतो.

मागच्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा त्याच चौथऱ्यावर काही मुलं बाटल्या घेऊन बसली होती. आजी काही बोलली नाही, लांब उभी राहिली. त्यांच्यातल्याच एकाने विचारलं, आजी काय शोधताय? ती म्हणाली, माझं घर, तू बसलास तिथे स्वयंपाकघर होतं. ती पोरं उठली, सगळं आवरलं, काचा वेचल्या आणि एकाने आजीला हात धरून चौथऱ्यावर चढवलं. मुलं वाईट नव्हती, त्यांना माहीत नव्हतं. म्हणून लिहिलं.

निवृत्त_गुरुजी
मुली, आजींना माझा नमस्कार सांग. मी वर नवं राज्य नवं धरण असं अभिमानाने लिहिलं, त्यात तुमची सात एकर आहेत हे लिहायला हवं होतं.

टिटवी
ही पोस्ट मी दोनदा वाचली.

चूल_आणि_चव
जेवणाचं लिहायचं राहिलं होतं. चौदा माणसांना रिसॉर्टचं तीन वेळचं जेवण महागात जातं, त्यापेक्षा एक वेळ गावात चुलीवरचं सांगा. गिरणारे-सावरगाव पट्ट्यात घरगुती जेवण करून देणाऱ्या ताई आहेत, आदल्या दिवशी आकडा सांगावा लागतो. बाजरी गरम म्हणून उन्हाळ्यात नागली-तांदळाची भाकरी मागा, शेंगदाण्याचा ठेचा, पिठलं, आणि आंब्याचा रस. धरणातले मासे खाणारे असाल तर सकाळीच सांगा, कालवण ताज्याचंच चांगलं लागतं. नाश्त्याला सकाळी गंगापूर रोडला मिसळ खाल्ली की दुपारी दोनपर्यंत कुणी भूक म्हणत नाही, पण आजी-आजोबांना रस्सा कमी तिखट सांगा, दह्याची वाटी बाजूला.

घरून न्यायचं ते म्हणजे कैऱ्या उकडून गूळ-वेलची घालून गर, तो बरणीत न्यायचा, तिथे माठातल्या पाण्यात कालवला की पन्हं. दुपारी बारा ते साडेचार कुणालाही बाहेर सोडू नका. त्र्यंबक-हरसूलकडच्या बायका करवंदं घेऊन बसतात, पानाच्या द्रोणात. भाव करू नका. काट्यातून एक एक वेचलेलं असतं ते.

गोदेची_लेक
मंडळी, आलो जाऊन. सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाहीये, म्हणून झालं ते सांगते.

सकाळी पावणेसातला शाळेत पोचलो. सरांनी सांगितलं होतं तसंच, फक्कीची रांगोळी, मधे महाराष्ट्राचा नकाशा, त्यात निळ्या रंगाने गोदावरी काढलेली, त्र्यंबकेश्वरपासून पार पलीकडच्या टोकापर्यंत. सासऱ्यांना खुर्ची दिली पण ते बसले नाहीत. राज्यगीत सुरू झालं तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. मग निकाल. उन्हं चढली होती, ते आता खुर्चीत बसून टोपीने वारा घेत होते. दुसरीतली एक मुलगी प्रगतीपुस्तक घेऊन सरळ त्यांच्याकडे आली, तिला वाटलं असेल हेच मोठे साहेब, आणि म्हणाली, वाचा. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, मराठी, गणित, कला, शेवटी वर्गोन्नत. ती म्हणाली, म्हंजी गेले ना? ते म्हणाले, गेलीस बाळा. मग तिच्या मागे रांगच लागली. अर्धा तास ते वाचत होते. माझा सहा वर्षांचा भाचा शेजारी उभा राहून प्रत्येकाला एक गोष्टीचं पुस्तक देत होता.

विद्यापीठाच्या फाटकाशीही थांबलो, गुरुजी. जाऊबाईंनी बारावीनंतर शिक्षण सोडलंय. त्या गाडीत गप्प बसल्या आणि संध्याकाळी मला हळूच विचारलं, प्रवेश कधी सुरू होतो गं?

दुपार खोलीत पत्ते आणि पन्ह्यात गेली. पाच वाजता बोटीला गेलो तर पश्चिमेकडून वारा सुटला, पाणी उसळायला लागलं, आणि बोटवाल्या दादांनी फेऱ्या थांबवल्या. पोरं हिरमुसली. दीर जरा आवाज चढवायला लागले, पैसे भरलेत म्हणून, तर माझ्या लेकीनेच सांगितलं, काका, ते आपल्या जिवासाठी थांबवतायत, आणि आज त्यांची पण सुट्टी आहे. फिटर दादा, तुमचं तिने वाचलं होतं. तिने त्यांना नाव विचारलं. मग तेच दादा आम्हाला पायी काठावर घेऊन गेले, गाळ कुठे सुरू होतो ते काठीने खुपसून दाखवलं. काठी हातभर आत गेली आणि वर काढताना चर्र असा आवाज आला. कुणालाही परत सांगावं लागलं नाही.

पश्चिमेला सूर्य गेला आणि दुसऱ्या बाजूने, धरणाच्या अंगाने, चंद्र वर आला. आधी तांबडा, मोठा, मग पाण्यावर लांबच लांब पट्टा. सासूबाईंनी पर्समधून दोन उदबत्त्या काढल्या आणि एक बुद्धपौर्णिमेची म्हणून, आणि एक, विहीर_पाण्याखालची ताई, तुमच्या आजींच्या घराची म्हणून ओल्या मातीत खोचली. धरण ते नव्हे, पण त्यांना वाटलं पाणी सगळं एकच. विझल्यावर काड्या उचलून आणल्या.

रात्री टिटवी ओरडत होती, आम्ही कुणी तिकडे गेलो नाही.

टिटवी
धन्यवाद ताई.

विहीर_पाण्याखालची
आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्या बाईला म्हणावं पावसाच्या आधी ये, विहीर दाखवते.

गिरणारे_शिवार
ताई, बाबांची टोपी खुर्चीवर राहिलीये. धुऊन घडी करून शाळेच्या कपाटात ठेवली आहे. आणि ती दुसरीतली, म्हणजे आता तिसरीतली, रोज येऊन विचारते ते मोठे साहेब परत कधी येणार. १५ ऑगस्टला या न्यायला.